व्हाइट हाउसचा मागचा जिना

एपिसोड ऐकायला वेळ मिळत नाही, पण मेट्रोत उभ्या उभ्या वाचता येतं, अशा सगळ्यांसाठी हा नेहमीप्रमाणे लिहिलेला अवतार. बोलताना मी जिथे अडखळले ते इथे थोडं सरळ केलंय. बाकी जसं बोलले तसंच आहे.

2025 मध्ये नेटफ्लिक्सवर 'द रेसिडन्स' नावाची सिरीज आली होती. व्हाइट हाउसमध्ये स्टेट डिनर चालू आहे आणि वरच्या मजल्यावर तिथल्या चीफ अशरचा खून होतो. मग एक पक्षी बघणारी डिटेक्टिव्ह बाई येते वगैरे. मी ती एका वीकेंडला संपवली. खून कोणी केला याच्यापेक्षा माझ्या डोक्यात वेगळाच प्रश्न अडकला. चीफ अशर म्हणजे नक्की कोण? आणि त्या घरात एवढे बटलर, माळी, आचारी, प्लंबर, फुलं सजवणारे लोक खरंच असतात का?

असतात. म्हणजे ती सिरीजसुद्धा केट अँडरसन ब्राउअर या पत्रकार बाईंच्या त्याच नावाच्या पुस्तकावरून सुचलेली आहे. 2015 चं पुस्तक. त्यात खून नाही, फक्त काम आहे. आणि खरं सांगू? मला ते पुस्तक जास्त थरारक वाटलं.

तर आज राष्ट्राध्यक्षांबद्दल बोलायचं नाही. त्यांच्या चादरी बदलणाऱ्यांबद्दल बोलायचंय.

आधी घराचा आकार बघू. व्हाइट हाउसच्या मुख्य इमारतीत 132 खोल्या आहेत, 35 बाथरूम, 412 दरवाजे, 8 जिने, 3 लिफ्ट. (आपल्या राष्ट्रपती भवनात 340 खोल्या आहेत, त्यामुळे उगाच दबून जायचं कारण नाही.) हे सगळं चालवायला कायमचा स्टाफ शंभराच्या आसपास. या सगळ्यांच्या वर चीफ अशर. अशर म्हटल्यावर आपल्याला थिएटरमध्ये टॉर्च घेऊन सीट दाखवणारा माणूस आठवतो, पण इथे तो अख्ख्या घराचा मॅनेजर असतो. बजेट, डागडुजी, पाहुणे, स्टाफ, सगळं त्याच्याकडे.

आणि एक गोष्ट मला आधी अजिबात माहीत नव्हती. राष्ट्राध्यक्षांच्या कुटुंबाला जेवणाचं बिल येतं! घर फुकट, नोकर सरकारी, पण घरच्या जेवणाचं सामान, ड्रायक्लीनिंग, टूथपेस्ट, हे सगळं स्वतःच्या खिशातून. दर महिन्याला हिशोब येतो. रोनाल्ड रेगन राष्ट्राध्यक्ष असताना नॅन्सी रेगननी पहिलं बिल बघितलं तेव्हा त्या चकित झाल्या होत्या. सरकारी मेजवानीचा खर्च वेगळा, तो सरकारी खात्यातून.

आता माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांसाठी या सगळ्यातला सगळ्यात भारी भाग. दर चार किंवा आठ वर्षांनी, 20 जानेवारीला.

तुम्ही कधी प्रॉडक्शन मायग्रेशन केलंय का? जुनी सिस्टिम बंद करायची, नवी चालू करायची, आणि मधल्या वेळात युझरला काही कळता कामा नये. आम्ही यासाठी तीन महिने आधीपासून एक्सेल शीट भरतो, रात्री दोनला कॉलवर बसतो, रोलबॅक प्लॅन ठेवतो. व्हाइट हाउसचा स्टाफ हे काम दिवसाढवळ्या करतो, सारं जग टीव्हीवर बघत असताना, आणि रोलबॅक नावाचा प्रकारच नसतो.

सकाळी मावळत्या कुटुंबाला निरोप. स्टेट डायनिंग रूममध्ये सगळा स्टाफ जमतो, रडारड होते. मग दोन्ही कुटुंबं शपथविधीसाठी कॅपिटॉलकडे निघतात. गाड्या गेटबाहेर पडल्या की घड्याळ सुरू. घटनेप्रमाणे दुपारी बाराला एकाची मुदत संपते, दुसऱ्याची सुरू होते. नवं कुटुंब दुपारी घरी येणार. म्हणजे हातात पाचेक तास. तेवढ्यात एका कुटुंबाचा चार-आठ वर्षांचा संसार बाहेर काढायचा आणि दुसऱ्याचा आत मांडायचा. सुरक्षेमुळे बाहेरचे हमाल आत घेता येत नाहीत. म्हणून फुलवाला, इलेक्ट्रिशियन, आचारी, सगळेच खोकी उचलतात. नवे मालक येतात तेव्हा कपाटात त्यांचे कपडे टांगलेले असतात, फोटो जागेवर असतात, बाथरूममध्ये त्यांच्या सवयीच्या वस्तू असतात, फ्रिजमध्ये आवडीचं खाणं असतं. आणि दारात तीच माणसं उभी, ज्यांनी सकाळी आधीच्यांना रडून निरोप दिला. आता हसून स्वागत.

हे हसणं खोटं नसतं असं त्यांच्यातले अनेक जण सांगतात. मला पटतं ते. आपण घराची नोकरी करतो, त्यात राहणाऱ्या माणसाची नाही, ही त्यांच्यातली जुनी शिकवण. कोणी रिपब्लिकन येवो की डेमोक्रॅट, कॉफी तेवढीच गरम.

पण इथे एक बारीक अक्षरातली अट आहे. अमेरिकेत सरकारी नोकरांना भरती, बदली, बडतर्फी याबाबत नियमांचं संरक्षण असतं. या घरातल्या स्टाफला ते तसं नाही. कायद्यानुसार राष्ट्राध्यक्ष त्यांना नेमतात आणि त्यांची मर्जी असेपर्यंतच नोकरी. पिढ्यान्‌पिढ्या लोक टिकतात ते परंपरेमुळे. कायदा त्यांच्या मागे उभा नाही. 20 जानेवारी 2021 ला याची झलक सगळ्यांनी लाइव्ह पाहिली, फक्त आपल्या लक्षात आलं नाही. बायडन पती-पत्नी नव्या घराच्या पायऱ्या चढून दारापाशी आले आणि काही क्षण दार बंदच. चीफ अशरना त्याच दिवशी कामावरून कमी केलं होतं.

मर्जीवरची नोकरी म्हणजे काय, हे ऐकायचं असेल तर शॉवरची गोष्ट ऐका. लिंडन जॉन्सन, 1963 ते 1969 राष्ट्राध्यक्ष. उंच, धिप्पाड, तापट माणूस. त्यांना शॉवर हवा होता तो अग्निशमन दलाच्या बंबासारखा. पाण्याचा दाब प्रचंड पाहिजे, चारी बाजूंनी फवारे पाहिजेत, खालूनही पाहिजेत. चीफ अशरना त्यांनी सरळ सुनावलं होतं की, हा शॉवर नीट होणार नसेल तर मी माझ्या जुन्या घरी परत जातो! रेड्स ॲरिंग्टन नावाचे प्लंबर होते. त्यांनी वर्षानुवर्षं त्या एका शॉवरवर काम केलं. पाइप बदलले, पंप बसवले, नोझल बदलले. साहेबांचं समाधान नाही. त्या ताणामुळे ॲरिंग्टन हॉस्पिटलात दाखल झाले, असं ब्राउअरबाई लिहितात. मग 1969 मध्ये निक्सन आले. त्यांनी तो शॉवर बघितला आणि म्हणाले, काढून टाका हे.

ज्यांचं फीचर रिलीजनंतर दोन आठवड्यांत डिलीट झालंय, त्यांना आत्ता छातीत कळ आली असेल. पण आपण निदान दुसऱ्या कंपनीत तरी जातो.

आणखी एक दिवस सांगते. 11 सप्टेंबर 2001. त्या संध्याकाळी व्हाइट हाउसच्या मागच्या हिरवळीवर खासदारांसाठी पिकनिक ठरली होती. हिरवळभर टेबलं मांडलेली. सकाळी विमानं टॉवरवर आदळली आणि सगळ्यांना पळायला सांगितलं. बायका बुटांचे हील हातात घेऊन धावल्या. पुढचं विमान इथेच येतंय अशी भीती होती. आणि तेव्हाचे चीफ अशर गॅरी वॉल्टर्स यांच्या डोक्यात काय आलं? राष्ट्राध्यक्ष हेलिकॉप्टरने परत येतील तेव्हा उतरणार कुठे? हिरवळीवर तर टेबलं आहेत! म्हणून ते आणि हाताशी असलेली मोजकी माणसं थांबली आणि एकेक टेबल उचलून बाजूला केलं. संध्याकाळी बुश यांचं हेलिकॉप्टर तिथेच उतरलं. इतिहासाच्या पुस्तकात त्या संध्याकाळचं भाषण आहे. टेबलं नाहीत.

आता थोडं मागे जाऊ, कारण ही परंपरा कुठून आली हे बघितल्याशिवाय 'निष्ठा' हा शब्द मला नीट वापरता येत नाही.

सुरुवातीला या घरात काम करणारे बरेच लोक गुलाम होते. पगारी नोकर नव्हे, मालकीची माणसं. पॉल जेनिंग्ज नावाचा मुलगा 1809 मध्ये चौथे राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन यांच्याबरोबर व्हाइट हाउसमध्ये आला तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा होता. 1814 मध्ये ब्रिटिशांनी वॉशिंग्टन शहर जाळलं. तेव्हा मॅडिसन यांच्या पत्नी डॉलीबाईंनी जॉर्ज वॉशिंग्टनचं मोठं तैलचित्र वाचवलं, ही गोष्ट अमेरिकेत शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. जेनिंग्जने नंतर लिहून ठेवलं की ते चित्र उतरवलं दरवानाने आणि माळ्याने. बाईसाहेबांच्या हातात होती घाईत उचललेली चांदीची भांडी.

याच जेनिंग्जला मॅडिसन वारल्यावर डॉलीबाईंनी 1846 मध्ये 200 डॉलरला विकलं. पुढे सिनेटर डॅनियल वेबस्टर यांनी 120 डॉलर भरून त्याला सोडवलं, आणि ते पैसे जेनिंग्जने महिना 8 डॉलर या हिशोबाने काम करून फेडायचे ठरले. स्वतःच्या सुटकेचा हप्ता! आणि तोपर्यंत डॉलीबाई कफल्लक झाल्या होत्या. वेबस्टर यांच्या घरून तो त्यांच्यासाठी धान्याची टोपली घेऊन जायचा. मधूनमधून स्वतःच्या खिशातूनही थोडे पैसे द्यायचा. हे सगळं त्याने 1865 मध्ये एका छोट्या पुस्तकात लिहिलंय. व्हाइट हाउसमधल्या आयुष्याची ही पहिली आठवणवही मानली जाते. ती राष्ट्राध्यक्षाने लिहिलेली नाही, मंत्र्यानेही नाही.

ज्या बाईने आपल्याला विकलं तिला पैसे द्यायचे. मी हे दोन-तीनदा वाचलं. याला चांगुलपणा म्हणायचं की सवय, मला ठरवता येत नाही, आणि तो स्वतःही फार स्पष्टीकरण देत नाही.

गुलामी संपली. पण मागचा जिना तसाच राहिला. 1931 मध्ये अलोन्झो फील्ड्स नावाचे गृहस्थ तिथे बटलर म्हणून लागले. यांना गायक व्हायचं होतं, बोस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत संगीत शिकत होते. पोटासाठी एमआयटीच्या अध्यक्षांच्या घरी बटलरचं काम करायचे. हो, तीच एमआयटी. तिथे पाहुण्या म्हणून आलेल्या राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांच्या पत्नीने त्यांना पाहिलं होतं. मग एमआयटीचे अध्यक्ष अचानक वारले, महामंदीचा काळ, हातात काम नाही, आणि व्हाइट हाउसमधून बोलावणं. फील्ड्सना वाटलं, एक हिवाळा काढू. ते निघाले ते थेट 1953 ला. एकवीस वर्षं, त्यांतली बरीचशी मुख्य बटलर म्हणून. विन्स्टन चर्चिल मुक्कामाला असताना त्यांना सकाळी नाश्त्याच्या आधी शेरीचा ग्लास लागायचा, मग जेवणाआधी व्हिस्की, मग रात्री शॅम्पेन आणि जुनी ब्रँडी. या सगळ्याचा हिशोब ठेवणारे फील्ड्सच.

पण पहिल्या दिवशी त्यांना काय दिसलं? स्टाफच्या जेवणाच्या खोल्या दोन. एक गोऱ्यांची, एक काळ्यांची. एकत्र काम करायचं, एकत्र जेवायचं नाही. आणि ही खोली कुठल्या घरात, तर लोकशाहीचं प्रतीक म्हणून जगाला दाखवतात त्या घरात.

त्याच हूव्हर यांच्या काळात आणखी एक प्रथा होती. राष्ट्राध्यक्ष पॅसेजमधून निघाले की घंटा वाजायची, आणि स्टाफने दिसेनासं व्हायचं. खांबामागे, कोपऱ्यात, कुठे जागा नसेल तर कपाटात. हातात ट्रे घेतलेले बटलर आणि झाडू घेतलेल्या बायका एकाच कपाटात दाटीवाटीने उभ्या, असं चित्र स्टाफमधल्या लोकांनीच पुढे सांगितलंय.

हे वाचून हसू येतं ना? मी राहते त्या सोसायटीत तीन लिफ्ट आहेत. एका लिफ्टवर पाटी आहे: घरकामगार, डिलिव्हरी, पाळीव प्राणी. घंटा तेवढी नाही. बाकी ठीक चाललंय आमचं.

असो.

आता लिलियन रॉजर्स पार्क्स. या माझ्या फेव्हरिट. यांची आई मॅगी 1909 पासून तिथे कामाला होती. लिलियनला लहानपणी पोलिओ झाला, आयुष्यभर कुबड्या. त्या 1929 मध्ये शिवणकामासाठी लागल्या आणि जवळपास तीस वर्षं त्या घराचे पडदे, चादरी, कपडे शिवत राहिल्या. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनाही पोलिओमुळे चालता येत नव्हतं. जिना चढता येत नाही म्हणजे काय, हे त्या घरात या दोघांनाच पुरेपूर माहीत असणार. ते त्यांना 'लिटल गर्ल' म्हणून हाक मारायचे.

1961 मध्ये लिलियनबाईंनी पुस्तक काढलं, 'माय थर्टी इयर्स बॅकस्टेअर्स ॲट द व्हाइट हाउस'. आजच्या एपिसोडच्या नावातला मागचा जिना तिथलाच. पुस्तक तुफान खपलं. आणि तेव्हा नुकत्याच राहायला आलेल्या जॅकलिन केनेडी हादरल्या. उद्या माझ्या घरातल्या गोष्टीही अशाच छापून येतील! मग काय, स्टाफकडून लिहून घेतलं की आम्ही इथल्या आठवणी लिहिणार नाही. एनडीए. (आपल्याकडची राजकीय आघाडी नव्हे, नॉन-डिस्क्लोजर ॲग्रीमेंट.) ही बातमी फुटली, पेपरांत टीका झाली. तेव्हा चीफ अशर जे. बी. वेस्ट पुढे आले आणि म्हणाले, कल्पना माझी होती. बाईसाहेबांचं नाव वाचवलं.

पुढे 1973 मध्ये निवृत्त वेस्टसाहेबांनी स्वतःच आठवणींचं पुस्तक काढलं. नाव, 'अपस्टेअर्स ॲट द व्हाइट हाउस'. आणि त्यात लिहून टाकलं की ती कल्पना खरं म्हणजे कोणाची होती! शिवणकाम करणाऱ्या बाईचं पुस्तक बॅकस्टेअर्स, मॅनेजरचं अपस्टेअर्स. मी काही बोलत नाही, नावंच बोलतायत.

तोंड बंद ठेवणं हा या नोकरीचा सगळ्यात मोठा गुण मानतात. मान्य, कोणाच्याही घरात काम करताना ते लागतंच. पण यातून झालं असं की ज्यांनी ते घर सर्वांत जास्त पाहिलं, त्यांचीच आयुष्यं सर्वांत कमी लिहिली गेली.

युजीन ॲलन यांचं तसंच होणार होतं. 'द बटलर' हा 2013 चा सिनेमा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल, फॉरेस्ट व्हिटेकरवाला. त्यातला सेसिल गेन्स ॲलन यांच्यावरून घेतलाय, पण सिनेमा तो सिनेमाच. कापसाच्या शेतात वडिलांना गोळी घालतात, मुलगा ब्लॅक पँथरमध्ये जातो, हे सगळं रचलेलं. खरे ॲलन व्हर्जिनियातले. आधी हॉटेलात आणि क्लबात वेटर. 1952 मध्ये व्हाइट हाउसच्या पँट्रीत लागले, भांडी घासायला, कपाटं लावायला. पगार वर्षाला 2,400 डॉलर. तेव्हा राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा पगार वर्षाला 1 लाख. देशाच्या सगळ्यात महत्त्वाच्या टेबलाची चांदी पुसायची, आणि सुट्टीला गावी गेलं की व्हर्जिनियात गोऱ्यांसाठी राखलेल्या सार्वजनिक शौचालयात पाऊल टाकायचं नाही.

चौतीस वर्षं. आठ राष्ट्राध्यक्ष. एकही दिवस दांडी नाही म्हणतात. वंशभेदाविरुद्धच्या चळवळीवर त्या घरात चर्चा व्हायच्या तेव्हा हे कॉफी ओतत तिथेच असायचे. ज्यांच्या हक्कांचा निर्णय चाललाय तोच माणूस खोलीत उभा, आणि त्याने ऐकलंय असं कोणी धरायचंच नाही. नोव्हेंबर 1963 मध्ये केनेडींची हत्या झाली. ॲलन यांना अंत्ययात्रेचं निमंत्रण होतं. ते गेले नाहीत. सगळे परत आल्यावर त्यांना खायला-प्यायला द्यायला कोणीतरी घरी पाहिजे ना, म्हणून थांबले.

हे वाचून लोक 'वा, काय निष्ठा' म्हणतात. मी म्हणते, जरा थांबा. त्या दिवशी त्या माणसाला रडायचं असेल तर त्याने कुठे रडायचं होतं?

1986 मध्ये नॅन्सी रेगन त्यांना शोधत आल्या. पश्चिम जर्मनीचे चान्सलर हेल्मुट कोल यांच्यासाठी स्टेट डिनर होतं. त्या म्हणाल्या, त्या रात्री तुम्हाला काम नाही, तुम्ही आणि तुमच्या पत्नी आमचे पाहुणे. असं निमंत्रण मिळालेले ते पहिले बटलर. पत्नी हेलेन घाबरून गेल्या, एवढ्या मोठ्या लोकांशी बोलायचं काय! त्या रात्री ॲलन टेबलाशी बसले आणि त्यांच्याच सहकाऱ्यांनी त्यांना वाढलं. त्याच वर्षी ते निवृत्त झाले.

आणि मग बावीस वर्षं कोणाला पत्ताच नाही. 2008 मध्ये ओबामा निवडून येतील असं दिसायला लागलं तेव्हा विल हेगूड नावाच्या 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या पत्रकाराला वाटलं, वंशभेदाच्या काळात व्हाइट हाउसमध्ये राबलेला एखादा काळा माणूस शोधावा. कित्येक फोन केल्यावर ॲलन सापडले, त्याच शहरात, साध्या घरात. तळघर फोटोंनी भरलेलं. राष्ट्राध्यक्षांबरोबरचे, त्यांच्या मुलाबाळांबरोबरचे. इतकी वर्षं ते तळघरातच होते.

म्हातारा-म्हातारी दोघं मिळून मत द्यायला जाणार होते. मतदान मंगळवारी. हेलेनबाई सोमवारी गेल्या. पासष्ट वर्षांचा संसार. मंगळवारी ॲलन एकटे जाऊन मत देऊन आले. जानेवारी 2009 च्या शपथविधीला ते खास निमंत्रित होते, आणि पुढच्या वर्षी, 2010 मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी वारले.

सगळेच गप्प बसले असंही नाही. झेफर राइट या जॉन्सन कुटुंबाच्या स्वयंपाकीण. हो, तेच शॉवरवाले जॉन्सन. कॉलेजात होम इकॉनॉमिक्स शिकलेल्या बाई. टेक्सासहून वॉशिंग्टनला गाडीने जायचं तर वाटेत त्यांना ना हॉटेलात खोली मिळायची, ना शौचालय. एक वेळ आली की त्यांनी गाडीने जायला साफ नकार दिला. जॉन्सन हीच गोष्ट खासदारांना सांगत फिरले: माझ्या घरी स्वयंपाक करणाऱ्या बाईला रस्त्याकडेला शेतात जावं लागतं, हे तुम्हाला चालतं का? 2 जुलै 1964 ला नागरी हक्क कायद्यावर सही झाली तेव्हा सही केलेल्या पेनांपैकी एक त्यांनी झेफरबाईंना दिलं. ॲरिंग्टन यांना हॉस्पिटलात पाठवणारा तो माणूस आणि हे पेन देणारा माणूस एकच. माणसं अशीच असतात, गुंतागुंतीची. मला फक्त एवढंच दिसतं की पेन मिळालं ते नाही म्हणणारीला.

अलीकडे काय? ओबामांच्या घरात मुलींनी स्वतःची अंथरुणं स्वतःच आवरायची, असा मिशेल यांचा नियम होता. टक्सिडो घातलेले बटलर त्यांना स्वतःच्या काका-मामांसारखे दिसायचे आणि त्यांच्याकडून सेवा घेताना अवघड वाटायचं, असं त्या सांगतात. त्यांच्यातले एक विल्सन जर्मन. 1957 मध्ये सफाई कामगार म्हणून लागले, केनेडींच्या काळात बटलर झाले, अकरा राष्ट्राध्यक्ष पाहिले, 2012 मध्ये थांबले. मे 2020 मध्ये कोविडने गेले, वय 91.

आणि शेवटी बर्गर. जानेवारी 2019 चा तो फोटो तुम्ही मीममध्ये नक्की पाहिला असणार. ट्रम्प उभे आहेत, मागे लिंकनचं चित्र, समोर चांदीच्या तबकांत बर्गरचे डोंगर. क्लेमसन विद्यापीठाची फुटबॉल टीम जेवायला आली होती. लोक हसले, मीही हसले होते. पण ते बर्गर तिथे का होते? कारण स्वयंपाकघरात माणसंच नव्हती. सरकारचं बजेट अडलं होतं, शटडाउन चालू होता, 35 दिवसांचा. घरातला बहुतेक स्टाफ बिनपगारी घरी बसवला होता. चांदीची तबकं होती, मेणबत्त्या होत्या, ती लावणारे नव्हते.

फोटोनंतर दोनच दिवसांनी एका कायद्यावर सही झाली. शटडाउनमध्ये घरी बसवलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांना नंतर थकलेला पगार मिळणार. व्हाइट हाउसचे बटलर त्यात आले. वॉशिंग्टनमधल्या सरकारी इमारतींत झाडू मारणारे, कँटीनमध्ये वाढणारे कंत्राटी लोक मात्र आले नाहीत. ते सरकारचे कर्मचारी नाहीत, ठेकेदाराचे. त्यांचे ते 35 दिवस गेले ते गेलेच.

आमच्या ऑफिसातले हाउसकीपिंगवालेही ठेकेदाराचेच आहेत. त्यांच्या आयकार्डाची दोरी वेगळ्या रंगाची असते.

चला, वेळ झाली. तुमच्या घरात, नात्यात कोणी एखाद्या बंगल्यावर, रेस्टहाउसवर, साहेबांच्या क्वार्टरवर काम केलेलं असेल, शिपाई, खानसामा, माळी, ड्रायव्हर, कोणीही, तर त्यांच्या आठवणी मला व्हॉइस नोटमध्ये पाठवा. त्यांची हरकत नसेल तरच, आणि नाव सांगायचं की नाही ते त्यांनाच ठरवू द्या. भेटू पुढच्या गुरुवारी.